जड सावली आणि तुटकी वायर

शेडमधलं सगळं काम थांबवून माणसं वेल्डिंग मशीनभोवती गोळा झाली होती. मशीन सारखं अडतं म्हणून बोलावलेल्या बुवांनी वेल्डिंगचा टॉर्च उचलला, केबलचा मनगटाला वेढा दिला, डोळे मिटले आणि हँडलचं बटण दाबलं. टॉर्चच्या तोंडातून तार सरसर बाहेर आली. लोकांनी हात जोडले.

"आता तिला घेऊ दे," शेडमधल्या वेल्डर मुलीकडे बोट दाखवत बुवा म्हणाले.

तिने टॉर्च घेतला, केबल सरळ केली, बटण दाबलं. तार पुढे ढकलणारी फीडरची चाकं जागची हलली नाहीत.

"यंत्रालाही मन असतं," बुवांचा आवाज मधाळ झाला. "लोखंड सावली ओळखतं. हिची सावली जड आहे. हिला इथून लांब ठेवा, मशीन पुन्हा रुसायचं नाही."

जड म्हणजे किती किलो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

वडील गेल्यावर मामानेच तिला वेल्डिंग शिकवून इथे आणलं होतं. तो काहीतरी बोलेल म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. मामा मान खाली घालून उभा होता.

"ताई," ती शेडच्या मालकीणबाईंना म्हणाली, "घालवायचं तर घालवा. पण आधी तपासू द्या."

मालकीणबाईंनी मान हलवली.

तिने टॉर्चची केबल फीडरमधून काढली. बटणाची जोडणी जिथे येते ती फीडरवरची दोन टोकं तारेच्या तुकड्याने एकत्र केली. चाकं गरगर फिरू लागली.

"मशीन ठणठणीत आहे. माझ्या सावलीतच फिरतंय. दोष केबलमध्ये आहे."

मग केबलमधल्या बटणाच्या वायरींना तिने मीटर लावला; वायर सलग असली की तो वाजतो. बटण दाबलं, मीटर गप्प. बटण दाबूनच हँडलजवळ केबल वाकवली, तसा तो वाजला. सरळ केली, पुन्हा गप्प. बुवा मनगटाला वेढा कशासाठी देत होते ते आता सगळ्यांना दिसलं. बुवा चपला शोधू लागले.

तिने हँडलजवळचं केबलचं आवरण मागे सरकवलं. आत चिकटपट्टी होती, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून शेवटचं टोक दुमडलेली. अशी पट्टी मामा गुंडाळायचा, आणि त्याने शिकवल्यामुळे ती. तिसरं कुणी नाही. तिचे हात थांबले. पट्टीखालची वायर झिजलेली नव्हती, ब्लेडने कापलेली होती. केबल वाकली की दोन टोकं एकमेकांना टेकायची.

"मामा?"

"वेढा द्यायला बुवांना मीच सांगितलं. तू शेडची मुख्य होणार होतीस," तो म्हणाला. "तुझ्या हाताखाली मी कसा उभा राहणार होतो?"

"मग भांडायचंस माझ्याशी. माझ्या सावलीवर कशाला आलास?"

ती बाकीच्यांकडे वळली.

"तार अडली की आधी केबल बघायची, हे तुम्हाला रोज कळतं. आज मात्र माझी सावली बघितलीत. बुवाने नुसता वेढा दिला, डोळे तुम्हीच मिटलेत. यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याच हातांनी झाकण उघडून बघा."

तिने वायर जोडली, केबल फीडरला लावली. मामाने सवयीने तिचा वेल्डिंगचा मुखवटा पुढे केला.

"ठेव तिथे," ती म्हणाली, आणि तो ठेवून बाजूला होईपर्यंत थांबली.