उजव्या कोपऱ्यातल्या बाई

कॅमेरामनने जमिनीवरची निळी पट्टी उचकटली आणि वीतभर मागे पुन्हा चिकटवली.

"इथून हलू नका," तो म्हणाला. "पुढे आलात की हात चौकटीबाहेर जातात."

तिने पट्टीवर पाय जुळवले, कोपरं अंगाशी घेतली आणि दोन्ही हात एकदा उघडून पाहिले. समोरच्या छोट्या पडद्यावर तिची बोटं चौकटीच्या कडेला टेकत होती. पंख पसरायला पिंजरा पुरत नाही तसं काहीतरी वाटलं. पण आज तक्रारीचा दिवस नव्हता. तिने मान हलवली.

वाहिनीचं संध्याकाळचं बातमीपत्र त्या दिवसापासून नव्या रूपात सुरू होत होतं. टेबल नवं, धून नवी, मागे दिवे लागलेल्या शहराचं नवं चित्र. वृत्तनिवेदक तेवढा जुनाच होता, चष्मा बदललेला. आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, ती. पहिल्या मथळ्यापासून हवामानापर्यंत सगळं बातमीपत्र खुणांच्या भाषेत सांगणारी दुभाषी.

ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. वर्ग नंतर केले, प्रमाणपत्रापुरते. तिच्या आई-बाबांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तोंडाने पहिला शब्द बोलायच्या आधी ती हातांनी दूध मागायला शिकली होती. बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं. ज्या यंत्राच्या धडधडीने इतरांचे कान बसत, त्याच्या शेजारी ते निवांत उभे राहत. रोजचं वर्तमानपत्र त्यांच्या हाताखालून जाई, पण लिहिलेली भाषा त्यांच्यासाठी परक्या गावासारखी होती. पाट्या वाचता येत, रस्ते कळत नसत. म्हणून संध्याकाळी टीव्हीला खेटून ती उभी राही आणि बातम्या हातांनी सांगे. शाळकरी मुलीला जेवढ्या बातम्या कळत, तेवढ्याच त्या घरात पोहोचत. अर्थसंकल्प म्हणजे साखर महाग झाली की नाही, एवढंच.

लाल दिवा लागला. धून तिला कानात ऐकू आली आणि तिचे हात उठले.

बातमीपत्र न अडखळता पार पडलं. निवेदकाने कानातला इअरफोन काढून सगळ्यांना हात जोडले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तिचे खांदे भरून आले होते आणि ओठांवरचं हसू काही केल्या जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्रियांची बैठक झाली. प्रेक्षकांचे फोन घेणाऱ्या बाईंना सगळे फोनमावशी म्हणत. त्या गेली कित्येक वर्षं लोकांचा राग सकाळच्या चहाबरोबर पचवत आल्या होत्या. त्यांनी एकेक प्रतिक्रिया सांगायला सुरुवात केली. नवी धून लग्नाच्या बँडसारखी आहे. एका आजोबांना निवेदकाचा जुना चष्मा परत हवा आहे, नव्यात तो जावयासारखा दिसतो. टेबलाखालून पाय दिसतात, ते बरं दिसत नाही. लोक हसत होते. मग फोनमावशींचा आवाज उतरला आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघून सांगू लागल्या.

कोपऱ्यातल्या बाईंबद्दल पुष्कळ फोन होते. हातवाऱ्यांमुळे लक्ष उडतं. सामन्याचा गुणफलक नेमका त्यांच्या मागे गेला. चेहरा इतका वाकडातिकडा करायची काय गरज आहे? एकाच्या नातवाने विचारलं होतं, ती बाई आपल्यावर रागावली आहे का.

तिने हात मांडीवर ठेवले होते. ते तिथेच राहिले.

संपादक काही वाईट माणूस नव्हता. ही चौकट यावी म्हणून वर भांडला होता तोच. पण आता तो चष्म्याची काच सदऱ्याला पुसत बसला आणि ती स्वच्छ झाली तरी पुसत राहिला. निर्मात्याने सुचवलं की खुणा फक्त मथळ्यांपुरत्या ठेवाव्यात. आणखी एकाचं म्हणणं पडलं की पडद्यावर अक्षरं धावतातच, वाचतील की लोक. शुक्रवारी काय ते ठरवायचं असं झालं. बाहेर पडताना संपादक तिच्यासाठी थांबला.

"तुमच्या बाजूने एकसुद्धा फोन नाही," तो म्हणाला. "वर भांडायला माझ्या हातात काहीतरी द्या."

बुधवारी सकाळी ती आई-बाबांकडे गेली. आईने दारातच तिचे दोन्ही गाल चेपले आणि सांगितलं की सोमवारपासून बातम्या चालू असताना बाबा पापणीसुद्धा हलवत नाहीत, मध्ये पाणी नेऊन दिलं तर वैतागतात. स्वतः बाबा मात्र अवाक्षर बोलले नव्हते. ते खाली बसून खुर्चीच्या निखळलेल्या पायाला सरस लावत होते. कौतुक त्यांच्या स्वभावात नव्हतं. लहानपणी ती वर्गात पहिली आली तेव्हा त्यांनी फक्त तिच्या पुस्तकांना नवी कव्हरं घातली होती.

तिने आईला बैठकीतलं सगळं सांगितलं. बाबा काम करता करता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. मग त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि फडक्याने एकेक बोट पुसलं. सरसाने चिकटलेल्या हातांनी बोलता येत नाही.

"त्या लोकांनी तक्रार केली कशी?" त्यांनी हातांनी विचारलं.

"फोन करून. बातम्या संपताना नंबर दाखवतात ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग एक बोट स्वतःच्या कानाला लावलं आणि नुसत्या भुवया वर केल्या.

आई आधी हसली. तिचा तो मोठा, स्वतःला ऐकू न येणारा हास्याचा आवाज घरभर झाला. मग मुलीलाही हसू आलं, आणि हसता हसता तिने कपाळावर हात मारला. अख्खी बैठक झाली, ती स्वतः तिथे बसलेली, आणि ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

त्याच दुपारी ती संपादकाच्या खोलीत गेली. तिचं ऐकून घेतल्यावर तो स्वतःच्या टेबलावरच्या फोनकडे बघून "अरे देवा" एवढंच म्हणाला. संध्याकाळी बातमीपत्राच्या शेवटी निवेदकाने सांगितलं, आणि तिने हातांनी सांगितलं, की प्रतिक्रिया मोबाइलवर चित्रफीत काढूनही पाठवता येतील. तिच्या मते ते बातमीपत्रातलं सगळ्यात छोटं वाक्य होतं.

शुक्रवारी बैठकीच्या आधीच फोनमावशी तिला शोधत जिन्यापर्यंत आल्या. त्यांचा फोन हातात होता आणि चेहरा गोंधळलेला.

"अगं, रात्रीपासून नुसती रीघ लागलीये," त्या म्हणाल्या. "पण सगळे मुके. मी आवाज वाढवून वाढवून पाहिला."

मग त्यांच्याच लक्षात आलं, आणि त्यांनी जीभ चावली.

बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर त्या चित्रफिती लावल्या गेल्या. टेबलाभोवतीच्या कोणालाच त्यातलं काही कळत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागले होते. सुरू करण्याआधी तिने एक गोष्ट सांगितली. दुभाषी मध्ये 'तो म्हणतो, ती म्हणते' लावत नाही. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाषीनेही 'मी'च म्हणायचं. तेव्हा जे ऐकाल ते माझं नाही, त्यांचं.

पहिली होती शिवणकाम करणारी एक बाई, मागे अर्धवट शिवलेले कपडे लटकलेले. "मी बातम्या लावायचे ते चित्रांसाठी," ती बोलू लागली. "पूर आला एवढं दिसायचं. कुठे आला ते नवरा घरी आल्यावर कळायचं. त्याचं गाव त्याच बाजूला आहे." नंतर एक तरुण जोडपं आलं, दोघं एकमेकांचे हात बाजूला सारत एकाच वेळी बोलणारं. तिला दोघांसाठी आवाज बदलावा लागला आणि खोलीत हशा पिकला. एका बेकरीवाल्याने पिठाळ हातांनी सांगितलं की निवेदक डोळे फार मिचकावतो, त्याला औषध द्या. निवेदक तिथेच बसला होता. त्याने दोनदा डोळे मिचकावले आणि मग सगळ्यांबरोबर हसला. एका शाळेचा तर पूर्ण वर्ग होता, वीस-पंचवीस मुलं एकदम हात हलवत म्हणत होती, "आम्हाला कळलं, आम्हाला कळलं."

तिचा आवाज आता मोकळा झाला होता. पुढची चित्रफीत लागली आणि ती सुरुवातीचा श्वास घेऊन थांबली.

पडद्यावर बाबा होते.

त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, लग्नाकार्यातला. केस पाणी लावून बसवलेले. चित्र थोडं थरथरत होतं. फोन आईने धरला असणार. बाबांनी नमस्कार केला आणि हात छातीशी आणले. तिनेही बोलायला सुरुवात केली.

"मी छापखान्यात काम करायचो. आयुष्यभर बातम्या छापल्या. काय छापलं ते घरी येऊन दुसऱ्याला विचारायचो."

संपादकाने हातातला पेन खाली ठेवला.

"या सोमवारी मी बातम्या सगळ्यांबरोबर पाहिल्या. त्याच वेळी. एरवी मला नेहमी नंतर कळायचं. पाणीपट्टी वाढल्याचं कळल्यावर मला राग आला. आतापर्यंत मला कोणीतरी सांगायचं की याचा राग यायला पाहिजे. आपला आपल्याला राग येणं, हे नवीन आहे. मला आवडलं."

मग बाबांनी तर्जनी उचलून उजवीकडे खाली, कोपऱ्याकडे केली.

खुणांच्या भाषेत एवढंच असतं, एक बोट. त्यात 'ती' असते आणि 'त्या'ही. बोलताना मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. बाबांच्या वाटचं ते तिला निवडायचं होतं. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मान किंचित झुकलेली, भुवया सरळ, ओठ मिटलेले. घरी तिच्याशी बोलताना हा चेहरा नसायचा. बँकेच्या साहेबासमोर, डॉक्टरांसमोर असायचा.

"त्या बाई," ती म्हणाली, आणि तिला पाण्याचा घोट घ्यावा लागला. कोणी काही विचारलं नाही. बराच वेळ बोलत होती, घसा सुकला असेल.

"त्या बाई चांगलं काम करतात. पण त्यांची चौकट फार लहान आहे. माझं वय झालंय, त्यांची बोटं मला नीट दिसत नाहीत. काही शब्द हुकले. आणि त्यांनी गडद रंगाचे कपडे घालावेत म्हणजे हात उठून दिसतील. सोमवारी फिके घातले होते, ते चुकलं. चेहरा मात्र त्या करतात तसाच करू द्या. आमच्या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. चौकट मोठी करा. आभारी आहे."

बाबांनी पुन्हा नमस्कार केला. शेवटी चित्र कलंडलं, क्षणभर घरातली फरशी दिसली आणि पडदा काळा झाला.

संपादक पडद्याकडेच पाहत होता. हे गृहस्थ कोण, त्याने विचारलं. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात.

"आपले प्रेक्षक आहेत," ती म्हणाली.

फोनमावशींनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग नाकाकडे, आणि पदराने उगाच टेबलाची कड पुसली.

चौकट पुढच्या सोमवारपासून दुप्पट झाली. कॅमेरामनने निळी पट्टी काढून टाकली आणि तिला म्हणाला, आता काय, हवे तेवढे हात पसरा. ती गडद जांभळ्या कपड्यात उभी राहिली. गुणफलक डावीकडे गेला. फोन अर्थातच थांबले नाहीत. बातमीपत्र संपवून ती प्रेक्षक कक्षावरून जात होती तेव्हा फोनमावशी कोणा रागावलेल्या माणसाला शांतपणे सांगत होत्या की हो, बाई मोठ्या झाल्यात खऱ्या, प्रेक्षकांच्याच आग्रहावरून.

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोन टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. रंग बरोबर होता, त्यांनी सांगितलं. बोटं दिसली. तिने विचारलं, त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही, की मी तुमची मुलगी आहे म्हणून?

बाबांना हा प्रश्न नवलाचा वाटलेला दिसला.

"मी तक्रार करत होतो," ते हातांनी म्हणाले. "तक्रारीत नातं सांगत नाहीत. मग कोण मनावर घेणार?"

ती आणखी काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या मागचा दिवा उघडझाप करू लागला. दारावरच्या घंटेला घरात तो दिवा जोडलेला होता. बाबांनी तिला तळहात दाखवून थांबवलं आणि ते उठले. दारात शेजारचे गृहस्थ होते, कामावरून आत्ताच आलेले, खांद्यावर अजून पिशवी. आज बातम्या हुकल्या असं ते तोंडाने म्हणाले आणि टीव्हीकडे बोट दाखवून त्यांनी हाताने विचारलं, काय झालं?

बाबांनी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. समोर उभे राहून त्यांनी दोन्ही बाह्या दुमडल्या. मग हळूहळू, नवख्याला कळेल अशा बेताने, ते सांगू लागले. पुलाचं काम थांबलं, तो पूल त्यांनी हवेत उभा केला आणि मध्येच तोडला. शेजारी मान पुढे काढून पाहत होते आणि मध्ये मध्ये हो हो म्हणत होते.

फोन चालू आहे हे बाबा विसरून गेले होते. तिने तो बंद केला नाही. जिन्यातून लोक घरी निघाले होते. त्यांना वाट द्यायला ती भिंतीशी सरकली आणि आजच्या बातम्या पाहत उभी राहिली.