दूध का आलं नाही

दिपमालाला मे महिन्यातही गोधडी लागायची. अमळनेरजवळच्या त्या गावात दुपारी पत्रे तापून कडकडायचे, आणि ही आत अंग आखडून पडलेली. गावाने तिला आळशी ठरवून बरीच वर्षं झाली होती.

लेकीच्या, रोशनीच्या वेळचं बाळंतपण घरीच झालं होतं. रक्त थांबेना. जीपमधून तालुक्याला नेईस्तोवर दिपमाला बेशुद्ध पडली. जीव वाचला, पण छातीला दूध आलं नाही. मेथी, डिंक, शेपू, सगळं करून झालं. थोरली जाऊ हेमलता, तिचा स्वप्नील तेव्हा अंगावर पीत होता. तिने रोशनीलाही पदराखाली घेतलं.

दिपमालाची पाळी पुन्हा आलीच नाही. भुवया विरळ झाल्या, आवाज घोगरा झाला. चुलीपुढे बसल्या बसल्या ती पेंगायची. एका दवाखान्यात थायरॉईडची तपासणी झाली, त्यात काही दोष निघाला नाही. तेव्हापासून तिचं दुखणं घरच्यांच्या लेखी संपलं. तिचा नवरा नवल सुरतेला मिलमध्ये लागला. आधी दिवाळीला यायचा, मग तेही थांबलं. दीर आणि हेमलता पोरांच्या शाळेसाठी जळगावला, पिंप्राळ्यात राहायला गेले. रोशनी त्यांच्यासोबतच गेली. हेमलताला ती मम्मी म्हणायची, दिपमालाला काकू.

यंदा श्रावणात दिपमालाला जुलाब लागले. साधं दुखणं, पण ती उठेचना. दार उघडलं नाही म्हणून शेजारच्या चुडामणभाऊंनी हाका मारल्या आणि शेवटी कडी तोडून आत गेले. त्यांनीच तिला रिक्षात घालून जळगावच्या दवाखान्यात आणलं.

अंगातलं मीठ फार उतरलं होतं, रक्तदाब लागत नव्हता. दोन दिवसांनी ती बोलायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून कॉटजवळ बसल्या. रोशनी डबा घेऊन आली होती, ती खिडकीपाशी उभी होती.

"बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का?"

"हां."

"आणि नंतर दूध आलं होतं?"

हे दिपमालाला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"नही. दूध उनंच नही."

डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवलं. "इथून आत, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्युटरी. तिच्या वर हायपोथॅलॅमस. शरीरात काय कमी आहे, काय जास्त आहे, ते त्याला कळतं आणि तो पिट्युटरीला सांगतो. मग ती पुढे हुकूम सोडते. थायरॉईडला, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना, पाळीला, दुधाला. गरोदरपणात ती फुगलेली असते, तिला रक्त जास्त लागतं. तुमचं रक्त गेलं तेव्हा तिला ते मिळालं नाही आणि ती सुकली. बाकीच्या ग्रंथी धड आहेत, पण त्यांना काम करा म्हणून सांगणारंच कोणी उरलं नाही."

"मंग मी आळशी नही?"

"नाही हो. एवढी वर्षं तुम्ही उभ्या कशा राहिलात, याचंच मला आश्चर्य वाटतंय."

खिडकीपाशी रोशनी हलली. "पण आमच्या घरात म्हणायचे, काकूने बाळाला जवळ घेतलंच नाही."

दिपमालाने मान वळवली. "रोज घेतलं तुला. तू रडायचीस, मी रडायचे. मग हेमलता घेऊन जायची."

रोशनीने डब्याचं झाकण उघडून वरणात पोळी कुस्करली.

"गोळ्या आता जन्मभर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ताप आला तर दुप्पट घ्यायच्या. उलट्या झाल्या तर इंजेक्शन, तेही लगेच. हे घरच्यांना शिकवावं लागेल. घरी कोण असतं?"

"कोनी नही. मी एकलीच शे."

"मला शिकवा," रोशनी म्हणाली.

ती इंजेक्शन द्यायला शिकली. दिपमालाला घरी सोडलं त्या दिवशी तिने चुडामणभाऊंच्या बायकोलाही शिकवलं, आणि संध्याकाळच्या एसटीने पिंप्राळ्याला परत गेली. तिची परीक्षा होती.

गोळ्यांनी दिपमालाच्या अंगात ऊब आली. भूक लागायला लागली. गोधडी धुऊन तिने पेटीत ठेवली. पहाटे जाग यायची ती टक्क. सडा, भांडी, धुणं उरकून बघावं तर ऊन अजून ओट्यावर आलेलं नसायचं. आजारात दिवस झोपेत निघून जायचे. आता प्रत्येक दुपार जागेपणी काढावी लागत होती. दोन खोल्या, एक ताट. भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं की मोठ्याने बोललेला शेवटचा शब्द कालचा होता.

नवलला तिने फोन लावला. "मी बरी झाले," ती म्हणाली. मागून पोराचा आणि बाईचा आवाज येत होता. "बरं झालं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. रडूही आलं नाही.

पुढच्या रविवारी ती एकटीच एसटीत बसून पिंप्राळ्याला गेली. हेमलताने दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "रोशनीला न्यायला आलीस?"

"नाही गं. तुझीच आहे ती." दिपमाला चप्पल काढून आत आली. "तू पाजलंस म्हणून ती जगली. एवढंच सांगायचं होतं. आजवर तेवढी ताकदच नव्हती अंगात."

हेमलता पदराने तोंड पुसत राहिली. मग दोघींनी मिळून स्वयंपाक केला. रोशनी क्लासहून आली आणि दोघींना एका ओट्याशी बघून दारातच थबकली.

"काकू, गोळी घेतलीस का?"

"घेतली."

जेवणं झाल्यावर रोशनीने तिला स्कूटीवर स्टँडला सोडलं. गाडी लागलेली होती. "पोचल्यावर फोन कर," ती म्हणाली. दिपमालाला खिडकीची जागा मिळाली. तिने हात हलवला, पण रोशनी तोवर गर्दीतून स्कूटी वळवत होती.