स्वयंपाकघराचं छत

आदर्श नगरातल्या त्या घराचं स्वयंपाकघर उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं. शेषराव तेव्हा रेल्वेच्या शेडमध्ये बॉयलर फिटर होते. इंजिनाला थापायचा ॲस्बेस्टॉसचा लगदा उरायचा, तो डब्यातून घरी आणून बासष्ट साली त्यांनी पत्र्याच्या छताला आतून जाड लेप दिला. घर गार झालं. त्या हुशारीची फुशारकी त्यांनी पुढे वीस वर्षं मारली, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मान वर करायला लावून.

त्यांच्या बायकोला, द्वारकाबाईंना, स्वच्छतेचं भारी वेड. दर दिवाळीला काजळी धरलेलं छत त्या उलथन्यानं कोरडंच खरवडायच्या, मग चुना मारायच्या. नखशिखांत पांढऱ्या होऊन हसत बाहेर यायच्या.

आता शहाऐंशी साल उजाडलं होतं आणि द्वारकाबाईंना दोन पावलांत धाप लागत होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून शेषरावांना एकट्यालाच आत बोलावलं, काय काम करत होता ते विचारलं. शेषरावांनी छताची गोष्ट सांगितली. ॲस्बेस्टॉसची पूड फुप्फुसात रुतून बसते, वीस-पंचवीस वर्षांनी डोकं वर काढते आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेषराव घरी येऊन काहीच बोलले नाहीत. कोणत्या तोंडानं बोलणार?

मुलगा, उत्तम, स्वयंपाकघर नवं करणार होता, पण दिवाळीनंतर. तोवर छत न तोडण्याची काहीतरी सबब काढू, असं शेषरावांनी ठरवलं होतं. मिस्त्री मात्र आधीच मोकळा मिळाला. शेषराव भाजी घेऊन परतले तर आत हातोडा चालू होता आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक विभा दारात चहा घेऊन उभी होती.

त्यांच्या हातून पिशवी गळाली. "मिस्त्रीजी, रुको. विभा, अंगणात जा. उत्तम, सगळ्यांना बाहेर काढ. कोरड्या छताला कुणी हात लावायचा नाही."

"अहो, झालं काय?" अंगणातल्या खाटेवरून द्वारकाबाईंनी विचारलं.

आता लपवून भागणार नव्हतं. शेषराव खाटेशी बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. "मी आणलं ते घरात," ते म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं.

द्वारकाबाई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. धाप आवरत विभाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी खरवडायचे तेव्हा खाली स्टूल धरून कोण उभं असायचं, आठवतं का?"

शेषरावांना आठवत होतं. लहानग्या विभाच्या केसांतली पांढरी पूड दर दिवाळीला ते स्वतः झटकायचे.