मोहाला न लागलेला छाप

मी जंगलातला छापाचा हातोडा बोलतोय, आणि आज जरा चढ्या आवाजातच बोलणार आहे.

जव्हारच्या लोहाराने मला घडवलं. एका तोंडाला कुऱ्हाडीची धार, दुसऱ्या तोंडावर संस्थानाची उलटी अक्षरं. धारेने झाडाची साल सोलायची आणि उघड्या लाकडावर अक्षरं ठोकायची. माझा छाप बसला की झाड तोडायला मोकळीक. मोह, हिरडा, आंबा यांना मात्र छाप लावायला मनाई होती.

मी पडलो साखरशेतच्या फागूच्या हाती. हा जंगलशिपाई अक्षरशत्रू, पण नियम तोंडपाठ. चोरून साग तोडणाऱ्या सख्ख्या मेहुण्याला त्याने लाकडासकट चावडीवर उभं केलं, तेव्हा बायकोने आठ दिवस अबोला धरला होता. असा कडू माणूस! मला तो फार आवडायचा.

एका फाल्गुनात अंमलदार रावसाहेब आले. सोबत कोळशाच्या भट्ट्यांचा ठेकेदार. गावाबाहेरचे बावीस मोह दाखवून रावसाहेब म्हणाले, "फागू, यांना छाप मार."

फुलं वेचणाऱ्या बायका थबकल्या. म्हातारी बायडी टोपलीसकट पुढे आली. "सायेब, हीच फुलां सुकवून आखाडात पोरांना शिजवून घालतो. झाडां गेली तं काय दगड शिजवू?"

रावसाहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "फागू, हुकूम ऐकू आला ना?"

"आला, रावसाहेब. मोहाला छाप नाय, असा नेम हाय. तुमचा हुकूम येगळा असंल तं कागदावर सही करून द्या. जव्हारला दरबारात दाखवतो, मंग बघू."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना छाप ठोकणारा म्हणून नाव फागूचं यायला हवं होतं, लाकूड ठेकेदाराला जायला हवं होतं आणि स्वतः नामानिराळं राहायचं होतं. पाहुण्याच्या वहाणेने विंचू मारायचा, दुसरं काय! त्यांनी तिथल्या तिथे फागूच्या कमरेचा चाकरीचा पट्टा उतरवला. फागूने मला त्यांच्या पायाशी ठेवलं आणि ताठ मानेने घरी गेला.

तिसऱ्या दिवशी सूर्यमाळचा नवसू नवा शिपाई म्हणून आला. घरात खाणारी सात तोंडं, पहिलीच सरकारी चाकरी. रावसाहेबांसमोर त्याने माझ्या धारेने एका मोहाची साल सोलली. ओलं लाकूड उघडं पडलं. मग अक्षरांचं तोंड पुढे करून त्याने मला उचललं आणि मी हादरलो. मी पडलो लोखंड, मला नाही म्हणता येत नाही.

मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका जागच्या हलल्या नाहीत. नवसूने त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच हात खाली घेतला.

"माला बी कागद द्या, रावसाहेब. नाय तं हा पट्टा घ्या."

त्यांनी पट्टा घेतला. कागद काही दिला नाही.

फागूला चाकरी परत मिळाली नाही, नवसूलाही नाही. दोघं आता नाचणी लावतात. मी चौकीतल्या पेटीत गंजत पडलोय. शिपाईदादांनो, हुकूम पाळणं तुमचं काम, पण हुकूम देणाऱ्याची सही मागणं हा तुमचा हक्क. तो सोडू नका.

आणि रावसाहेब, पेटीला कुलूप नाही. मोह जागेवर आहेत. छाती असेल तर या, मला उचला आणि गावादेखत स्वतःच्या हाताने ठोका.