मोठ्या थापेला दोन खोकले

"या मनोऱ्यावर घड्याळाच्या तीनच तबकड्या आहेत," वाटाड्या म्हणाला, "कारण चौथ्या बाजूला…" आणि तिथेच त्याची जीभ अडली.

चौथ्या बाजूला गव्हर्नरची सासू राहत होती. गेली एकतीस वर्षं राहत होती, म्हणजे वाटाड्यानंच तिला तिथे आणून ठेवलं होतं. जेवणाची वेळ कळली की बया दारात हजर, म्हणून जावयानं त्या बाजूची तबकडी बसवूच दिली नाही. ही हकीकत त्यानं इतक्यांदा सांगितली होती की सासूबाईंच्या पायातल्या सपाता कुठल्या रंगाच्या, हेही आता त्याला ठाऊक होतं. पण आज रांगेच्या शेवटी पर्यटन कार्यालयाच्या तपासनीस बाई उभ्या होत्या. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर छापील पुस्तिका, पुस्तिकेवर पेन.

"…त्या बाजूला तेव्हा वस्ती नव्हती," त्यानं वाक्य पुरं केलं. पान चार, ओळ दुसरी.

बाराच्या बारा माना वर झाल्या, खाली झाल्या. कुणी हसलं नाही. रांगेच्या मागून काही आलंही नाही.

त्यानं टाचा उंचावून रांगेच्या शेवटाकडे पाहिलं.

जुन्या वस्तीतले दुकानदार त्याला थापाड्या म्हणत, आणि तो ते पदवीसारखं मिरवी. साहेबांच्या राज्यात बांधलेली ती वस्ती: जाड भिंतींच्या कचेऱ्या, कमानींचे व्हरांडे, कुणाचा ते विसरलेला पुतळा, बंदराकडे उतरणारे फरसबंद रस्ते. मनोऱ्यापासून जकातघरापर्यंत पायी दोन तास, सात थांबे. पुढे तो, आणि सगळ्यात मागे त्याची बायको. धंद्याची रीतच तशी होती. पुढचा बोलतो, मागचा माणसं राखतो. रस्ता ओलांडला की शेवटचा माणूस पलीकडे आल्यावर ती आपली राखाडी छत्री उंच करायची. एक काडी वाकलेली ती छत्री दिसल्याशिवाय त्यानं तोंड उघडायचं नाही, हा नियम. स्वतःला ती शेपूट म्हणवून घेई. "तोंड काय, कुणीही चालवतं," ती म्हणायची, "शेपूट हलवायला अक्कल लागते."

छत्रीखेरीज तिचं आणखी एक काम होतं, ते तिनं स्वतःच अंगावर घेतलं होतं. नवरा थाप मारू लागला की ती मागून खोकायची. लहान थापेला एक खोकला, मोठ्या थापेला दोन. पाहुण्यांना वाटायचं, बाईंना धूळ सोसत नाही. त्याला मात्र नेमकं कळायचं की सासूबाई एका खोकल्यात बसल्या, आणि जकातघराच्या जिन्याच्या चढताना एकसष्ट आणि उतरताना साठ पायऱ्या भरतात, या हकीकतीला दोन पडले. दोन खोकले मिळाले त्या दिवशी तो घरी जाताना शीळ घालायचा.

पुढे ती जास्त खोकू लागली. पुतळ्यापाशी दोन, तोफेपाशी तीन. तीन खोकल्यांची थाप आपल्याला जमली, या आनंदात त्यानं तोफेच्या गोष्टीत गव्हर्नरच्या बायकोचा पियानो घुसवला. तोफ शत्रूवर कधी उडालीच नाही, एकदाच उडाली ती बेसूर पियानोवर, असं तो सांगू लागला. मागून चार खोकले आले. तो आणखी रंगात आला. तो थापा वाढवत गेला, ती खोकत गेली. एका सकाळी तर त्यानं अगदी खरी गोष्ट सांगितली, तारघर कुठल्या साली बांधलं ती, आणि तरीही मागून खोकला आला. त्याला वाटलं, सवयीनं चुकली असेल.

त्या दिवशी पाहुण्यांत एक परिचारिका होती, नुकतीच नोकरीतून मोकळी झालेली. तारघराच्या व्हरांड्यात ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "वहिनींचा हा खोकला मला बरा वाटत नाही. छातीचा फोटो काढून घ्या, लवकर."

"तो खोकला नाही हो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "ते तिचं मत आहे."

सगळे हसले. बायकोही हसली, आणि मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकली. चार महिन्यांनी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे हे? नवराबायको मागचे खोकले आठवू लागले. त्यातले खरे खोकले कुठले आणि थापेचे कुठले, ते दोघांनाही सांगता येईना.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा रस्त्यावर आला, एकटाच. तोफेपाशी त्यानं जीव नसल्यासारखा पियानो उडवला. मागून खोकला आला. एक. जरा थांबून दुसरा. त्यानं मान वळवली. शेवटी एक पोरगेलं जोडपं होतं, दोघंही एकाच कागदातून शेंगदाणे खात होते आणि खोकण्याच्या बेतात अजिबात नव्हते.

तेव्हापासून एकही फेरी कोरडी गेली नव्हती. जुन्या वस्तीत धूळ भरपूर, कुणीही खोकू शकतं, हे त्यालाही कळत होतं. पण धुळीला लहान थाप आणि मोठी थाप यातला फरक कुठून कळणार? घरी त्यानं करून पाहिलं. स्वयंपाकघरात एकटा बसून मोठ्यानं म्हणाला, "आज मी सगळी औषधं वेळेवर घेतली." घर गप्प. "तुझ्या साड्या मी मुलीला देऊन टाकल्या." त्या तर कपाटात जशाच्या तशा होत्या, तरीही घर गप्प. ती रस्त्यावरच होती. रांगेच्या शेवटी, तिच्या जागेवर, आणि तेही थापेपुरतीच.

म्हणून पर्यटन कार्यालयाकडून त्याच्या वाटाड्याच्या बिल्ल्याबद्दल पत्र आलं तेव्हा त्यानं ते तीनदा वाचलं. घोळ सासूबाईंनीच घातला होता. कुणा प्राध्यापकानं फेरीत ऐकलेल्या गव्हर्नरच्या सासूवर विद्वानांच्या सभेत निबंध वाचला, आणि सभेत कुणीतरी बाईंचं नाव आणि जन्मसाल विचारलं. प्राध्यापकानं चिडून तक्रार केली. कार्यालयानं कळवलं की तपासनीस फेरीत सोबत येतील, पुस्तिकेबाहेरचं एक जरी विधान आढळलं तरी बिल्ला परत घेतला जाईल. बिल्ल्याशिवाय जुन्या वस्तीत माणसं फिरवता येत नव्हती. मुलीला बरंच वाटलं. "जाऊ दे ना बाबा तो बिल्ला," ती म्हणाली, "निदान गुडघे तरी वाचतील." आपली आई कुठे असते हे तिला कसं सांगणार? तो हो म्हणाला आणि रात्रभर पुस्तिका घोकत बसला.

आज पुतळ्यापाशी त्यानं सांगितलं की पुतळ्याचा हात वादळात तुटला. दहा वर्षं तोच हात एका न्हाव्याच्या दुकानात टॉवेल वाळत घालायला वापरत होते, हे गिळलं. मागे शांतता. तोफेपाशी त्यानं तोफेचं वजन सांगितलं. शांतता. चालताना तो सारखा मागे बघत होता. आज शेवटी तपासनीस बाई होत्या. तरुण, नीटनेटक्या, उन्हासाठी आणलेली छत्री काखेत मिटलेली. खरं म्हणजे त्या वाईट नव्हत्या. तोफेपाशी त्यांनीच हळूच विचारलं होतं, "काका, तब्येत बरी आहे ना? पाणी देऊ का?" तो बरा आहे म्हणाला. त्याला काय होतंय ते पुस्तिकेत नव्हतं.

कात्रीत सापडला होता बिचारा. थाप मारावी तर बिल्ला जातो, बिल्ला गेला की रस्ता जातो, आणि रस्त्याबरोबर ती. न मारावी तर रस्ता राहतो, पण ती येत नाही. आणि कोण जाणे, एकदा मागे राहिलेलं माणूस पुन्हा रांगेत येतं की नाही. फेरीत चुकलेली माणसं बहुतेक थेट बसथांब्यावरच सापडतात.

तारघराच्या व्हरांड्यात रुंद काठाच्या टोपीतल्या एका बाईंनी टोपी काढून वारा घेतला, आणि त्यानं त्यांना ओळखलं. तीच परिचारिका. या वेळी धाकट्या बहिणीला गाव दाखवायला घेऊन आली होती. त्यानं घाईघाईनं पाठ फिरवून तारघराचं साल सांगितलं.

शेवटचा थांबा जकातघर. सगळे जिना चढून वर गेले, बंदर बघितलं, खाली आले. परिचारिकेच्या बहिणीनं पायऱ्या मोजल्या होत्या, ती म्हणाली एकसष्ट. उतरताना? उतरताना पण एकसष्टच. "बरोबर," वाटाड्या म्हणाला, "एकसष्ट," आणि ते म्हणताना त्याला आपण घरातलं एखादं जुनं भांडं मोडीत घातल्यासारखं वाटलं. तपासनीस बाईंनी पुस्तिका मिटली. पेनाचं टोपण लावलं. त्या समाधानानं हसल्या. बिल्ला राहिला होता.

तेवढ्यात परिचारिका पुढे आली.

"ओळखलंत का मला? दोन वर्षांपूर्वी आले होते. मी मघापासून बघतेय, वहिनी दिसल्या नाहीत कुठे. त्या छत्री धरायच्या ना मागे?"

लोक ऐकत होते. तपासनीस बाईही ऐकत होत्या, पण आता सहज, कामाबाहेरचं ऐकतात तसं. वाटाड्यानं तोंड उघडलं. गेली, असं साधं दोन अक्षरांचं खरं उत्तर जिभेवर होतं. ते दिलं असतं तर या भल्या बाईनं गावी जाताना सबंध वाटेत तेच चघळलं असतं, की आपण तेव्हाच आणखी जोर लावून बोलायला हवं होतं. आणि आपण तेव्हा काय उत्तर दिलं, हेही तिला आठवलं असतं. ते तर त्याला रोजच आठवत होतं.

"तिला ना," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. लगेच. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आता ठणठणीत आहे."

परिचारिकेचा चेहरा उजळला. "मग आज आल्या नाहीत त्या?"

"गुडघा धरलाय तिचा. घरी बसलीय. पुढच्या वेळी भेटेल तुम्हाला. माझ्यावर ओरडायला फुफ्फुसं अगदी…"

आणि मागून खोकला आला.

एक. ओलसर, ओळखीचा, हाताच्या मुठीत दाबलेला.

वाटाड्यानं वाक्य तिथेच सोडलं. त्याला वाटलं, एकच? एवढीशीच थाप ही? त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी दुसरा आला. मोठा. पार खालून निघालेला. हसत हसत सुरू झालेला आणि हसण्यात न संपलेला.

परिचारिकेनं आयुष्यभराच्या सवयीनं गर्रकन मागे वळून पाहिलं. मग बहिणीकडे, मग पुन्हा मागे. कुणाच्याही तोंडावर हात नव्हता. तिनं टोपी डोक्यावर घातली आणि वाटाड्याच्या दंडाला नुसतं बोट लावलं. "वहिनींना सांगा," ती म्हणाली, "जपा म्हणावं." त्यातलं किती तिला कळलं होतं, ते तिचं तिला माहीत.

तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं होतं. त्यांनी पुठ्ठ्यावर पुस्तिका उघडली, जकातघराचं पान काढलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. वाटाड्याच्या बायकोविषयी पुस्तिकेत काहीही नव्हतं. अहवालातल्या बिल्ला परत घेण्याच्या रकान्यात त्यांनी 'लागू नाही' अशी आडवी रेघ ओढली.

"चला," वाटाड्या म्हणाला, "रस्ता ओलांडून परत मनोऱ्यापाशी."

तो पलीकडच्या फुटपाथवर जाऊन थांबला आणि मोजू लागला. परिचारिका, तिची बहीण, कॅमेरेवाले दोघं, काठीवाले गृहस्थ. बारा झाले. मग तपासनीस बाई आल्या. त्या फुटपाथवर चढल्या, चार पावलं चालल्या, आणि काय वाटलं कोण जाणे, मागे न बघताच एका बाजूला सरकून उभ्या राहिल्या. अरुंद जिन्यावर मागून येणाऱ्या वयस्कर माणसाला वाट देतात तशा. मग काखेतली मिटलेली छत्री काढून त्यांनी जरा वर धरली.

वाटाड्यानं मान हलवली. तबकडी नसलेल्या बाजूनं मनोरा दिसत होता.

"तर त्या बाजूला," चालता चालता तो अगदी हळू म्हणाला, पुढच्या कुणालाही ऐकू जाणार नाही इतकं, "गव्हर्नरची सासू राहायची."