फाटकापाशी ठेवलेली होडी

मित्रांनो, आज माझ्यात बसू नका. फोटो हवा असेल तर लांबूनच काढा आणि घटकाभर माझे ऐका. मी एक जुनी होडी आहे. पक्ष्यांच्या अभयारण्याच्या फाटकापाशी मला कुंडी म्हणून ठेवले आहे, पण माझा जन्म काही फुलझाडांसाठी झाला नव्हता.

नाशिकजवळ गोदावरीच्या बंधाऱ्याकाठी भिका नावाचा मासेमार राहतो, म्हणजे राहत होता. नव्वदच्या दशकात त्याने बाभळीच्या फळ्यांपासून मला बनवून घेतले, डांबर लावले, नारळ फोडला आणि पाण्यात लोटले. भिका वल्हे मारी, त्याची बायको नवसाबाई जाळे ओढी. मोठा मासा लागला की भिका माझ्या काठावर थाप मारून म्हणे, "लय गुणाची हाय माझी होडी!" मग माझा ऐटीचा दिवस!

उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात नवसाबाई काकड्या लावी. त्याच गाळात टिटवी उघड्यावर अंडी घाली. ढेकळांमध्ये ती ओळखूही येत नसत, म्हणून नवसाबाई शेजारी काठी रोवून तिला लाल चिंधी बांधी. चिंधी दिसली की आमच्या काठचा माणूस वळसा घालूनच जाई.

पण सगळेच गोड होते असे नाही. रविवारी शहरातून बंदूकवाले येत. जखमी बदके गवतात तडफडत पडत. आमच्या जाळ्यातही कधी एखादी पाणकोंबडी अडकून मरे, तेव्हा दिवसभर माझा कशात जीव लागत नसे. म्हणून वनखात्याने अभयारण्याचा नियम लावून कडक पहारा सुरू केला तेव्हा मला बरेच वाटले. बंदुका थांबल्या, पाखरे वाढली. हिवाळ्यात पाणी दिसेनासे होई, इतकी बदके उतरू लागली.

त्याच नियमाने मासेमारीही बंद झाली आणि गाळातली काकडीही. पहाऱ्यावर आला देवराम. तो नवसाबाईच्या भावाचा मुलगा, देवळाली कॅम्पात, नदीकाठापासून लांब वाढलेला. गाळात चिंध्या पाहून त्याला वाटले, आत्याने चोरून पेरणीची जागा आखली आहे. त्याने सगळ्या काठ्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी पाखरे बघायला आलेली मंडळी दुर्बिणी डोळ्यांना लावून तिथूनच चालत गेली. नवसाबाई फुटलेली टरफले ओंजळीत घेऊन देवरामकडे आली.

"देवा, रान नव्हतं रं ते माझं. टिटवीचं घर व्हतं."

देवरामचा चेहरा पडला. "मला काय म्हाईत, आत्या? नियमच तसा हाय."

मासेमारी पुन्हा सुरू होईल म्हणून भिकाने बरीच वाट पाहिली. मग तो मनमाडला हमाली करायला गेला. मी काठावर पालथी पडून उन्हाने तडकले. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आले, म्हणून मला रंगवून इथे आणले, पोटात माती भरली, शेवंती लावली. फीत कापली, टाळ्या वाजल्या आणि पाणी घालायचे मात्र सगळे विसरले. शेवंती वाळून गेली.

यंदा त्या कोरड्या मातीत टिटवीने अंडी घातली. फाटकाशी चहा विकणाऱ्या नवसाबाईने ती पाहिली आणि काठी शोधून आणली. देवरामने ती तिच्या हातातून घेतली. मला वाटले, आता हीही फेकणार. पण त्याने ती माझ्या मातीत रोवली आणि लाल चिंधी स्वतः बांधली.

"हिला जागा घावली, देवा," नवसाबाई म्हणाली. "आन् आमच्या ह्यांना कवा घावायची?"

देवरामने चिंधीची गाठ आणखी घट्ट केली.

मित्रांनो, पाखरे जपा, त्यांचे पाणी राखा. मी त्यांच्या बाजूची आहे. पण कुंपण घालण्याआधी काठावरच्या माणसांना बोलवा, कुणाचे काय जाणार आहे ते विचारा आणि त्यांच्या पोटाची सोय आधी करा. आता हळूच मागे सरा, टिटवी ओरडते आहे, तिला अंड्यांवर बसायचे आहे. जाताना नवसाबाईकडे चहा घ्या. भिकाचे वल्हे तिने अजून घराच्या आढ्याला बांधून ठेवले आहे.