खिडकीखालचा ठराव

अलोइस व्होंद्राकच्या पायांची सूज चढत चढत पोटाशी आली होती. डॉक्टरनं त्याच्या बायकोला, ओतिलिएला, बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळा निघेल, पुढचं धरून चालू नका. अलोइसला कुणी काही बोललं नाही. पण बाजूला घेऊन बोललेलं अंथरुणावरच्या माणसाला आधी ऐकू येतं.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. आयुष्यभर चर्चच्या ऑर्गनवर त्यानं दुसऱ्यांची गाणी वाजवली. स्वतःचं असं एकच गाणं बांधलं, चार सुरांचं. बायकांचा वरचा आणि खालचा, पुरुषांचा वरचा आणि खालचा. वेणीच्या पेडांसारखे ते एकमेकांत जायचे. हे गाणं चारही सुरांत त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. डोळे मिटण्याआधी ते ऐकायचं होतं.

गाणं त्यानं बांधलं होतं गावातल्या एस्पेरान्तो मंडळासाठी. सगळ्या जगानं एकमेकांशी गोडीनं बोलावं म्हणून मुद्दाम घडवलेली ती भाषा. शब्द लिहिले औषधवाल्या कोपेत्स्कीनं. चारही सूर वेगवेगळे बसवून झाले, पण एकत्र तालीम व्हायच्या आतच तिकडे पॅरिसात काही शहाण्यांनी त्या भाषेची डागडुजी केली आणि नव्या भाषेला नाव दिलं इदो. झालं. मोराव्हियातल्या या गावात चेक आणि जर्मन आधीच एका गुत्त्यात बसत नव्हते. आता ज्यांनी जगाच्या सलोख्यासाठी भाषा शिकली, तेही एका बाकावर बसेनात. शाळेतले श्मेरल गुरुजी इदोत गेले आणि खालच्या पट्टीतले सगळे पुरुष त्यांच्यामागून गेले. कोटावरचा एस्पेरान्तोचा हिरवा तारा त्यांनी असा उपटला की कापडाला भोकं पडली. खालच्या सुरातल्या बायकाही तिकडेच गेल्या. वरचे सूर कोपेत्स्कीपाशी राहिले. जणू चार पायांचं स्टूल मधोमध कापून दोघांनी अर्धं अर्धं घरी नेलं होतं.

तरी एक रीत शिल्लक होती. मंडळात कुणाच्या नावाचा दिवस, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण, आला की सगळ्यांनी त्याच्या खिडकीखाली जाऊन गायचं. अलोइसचा दिवस जूनमध्ये. ओतिलिए दोन्ही घरी जाऊन आली.

"अलोइस मास्तरांसाठी? अहो, हे काय विचारणं झालं!" दोघंही म्हणाले.

त्या दिवशी तिनं खसखस भरून दोन पराती भरून गोड पाव भाजले. अलोइसच्या पाठीला तीन उशा लावल्या आणि खिडकी सताड उघडली. ऊन अजून भिंतीवर होतं. माणसं आली. कोपेत्स्कीची अंगणातल्या पंपापाशी उभी राहिली, श्मेरलची लाकडांच्या ढिगापाशी. मधे कोंबड्या फिरत होत्या. पावांवर मात्र सगळ्यांनी एकजुटीनं हात मारला.

कोपेत्स्कीनं शिट्टी फुंकून पट्टी दिली. अलोइसनं श्वास धरला.

"थांबा," श्मेरल म्हणाले. "शब्द कुठले?"

"आहेत तेच."

"ते जुने. मी दुरुस्त करून आणलेत."

"माझे शब्द दुरुस्त करतोस? आधी घराचं छप्पर दुरुस्त कर, शेजारच्यांच्या ताटात गळतंय."

"बघा, बघा! हा यांचा विश्वबंधुत्वाचा सूर!"

"अरे, गा की मेल्यांनो!" ओतिलिए खिडकीतून ओरडली. "वर येईपर्यंत शब्द कुठला कळतोय!"

"बाई, तत्त्वाचा प्रश्न आहे," खालून दोन आवाज एकदमच आले.

अलोइस कोपरावर रेटून उठला. तेवढ्यानंही त्याला धाप लागली. "शब्द सोडून द्या," तो म्हणाला. "नुसतं ला ला म्हणा. मला चाल ऐकायचीय."

खाली कुणीतरी घसा साफ केला. अलोइसचा हात पांघरुणावर ताल धरायला उचलला गेला.

"सूचना उत्तम आहे, मास्तर," श्मेरल म्हणाले. "तिला ठरावाचं रूप देऊ या."

"आमचा विरोध," कोपेत्स्की म्हणाला. "आज बिनशब्दांचं गायलो, तर उद्या यांच्या मासिकात येईल की आम्ही भाषा टाकली."

"मग मतं घ्या!"

हात वर झाले. काही हातांत पाव होते. मोजणी झाली, मग पुन्हा झाली, कारण एका बाईनं दोन्ही बाजूंना हात वर केला होता. मतं सारखी पडली.

"समसमान असलं की मास्तरांचं मत," श्मेरल म्हणाले. सगळी तोंडं वर वळली.

"म्हणजे ला ला?" अलोइसनं विचारलं.

"नुसतं तेवढं नाही. तुम्ही कुणाचे, ते एकदा सांगून टाका. एस्पेरान्तोचे की आमचे? आज सांगितलंत तर बरं. म्हणजे... तुमच्या तब्येतीचं बघता..."

"लेखी मिळालं तर उत्तम," मागून कुणीतरी म्हणालं.

"मास्तर आमचेच आहेत!" कोपेत्स्की ओरडला. त्याच्या पुढच्या दातांत खसखस अडकली होती आणि बोलता बोलता तो ती जिभेनं काढत होता.

अलोइसनं ती जीभ पाहिली. मागच्या बायकांच्या माना पाहिल्या, दाण्याच्या डब्यापाशी गोळा झालेल्या कोंबड्यांसारख्या ताणलेल्या. ही माणसं गायला आली नव्हती. मेलेल्या माणसाचं नाव मंडळाच्या यादीत बरं दिसतं, ते पदरात पाडून घ्यायला आली होती. तो कोपर सोडून उशांवर मागे टेकला.

"ओतिलिए, खिडकी लाव."

"अरे, उकाडा आहे."

"लाव म्हणतो ना."

खिडकी लागली. खाली दोन्हीकडच्यांना वाटलं, मास्तरांनी दुसऱ्याला कौल दिला. मग इरेस पेटून पंपाकडचे त्यांच्या शब्दांत गायला लागले आणि लाकडांकडचे आपल्या. एकानं आवाज चढवला की दुसरा आणखी चढवायचा. वरचे सूर पळत पुढे गेले, खालचे मागून पाय आपटत आले. काचेतून सगळं आत येत होतं.

"ऐक," ओतिलिए हळूच म्हणाली. "चारही आहेत रे. तुझे चारही सूर."

होते खरे. एकूण एक सूर त्याचा होता. कुत्री एका आतड्याला धरून ओढतात, तसं ते गाणं दोन्हीकडून ओढलं जात होतं. अलोइसनं उशी उचलून कानावर दाबली.

बऱ्याच वेळानं ती माणसं गेली. फाटकातून आधी कोण बाहेर पडणार यावरही बोलाचाली झाली. ओतिलिएनं अंगणातून रिकाम्या पराती उचलून आणल्या. त्या पुसता पुसता नकळत ती तीच चाल गुणगुणायला लागली. बायकांचा खालचा सूर. इतक्या वर्षांत तिच्या तोंडात तो पक्का बसला होता आणि सुरेल होता.

"ती नको," अलोइस म्हणाला.

"मग कुठली म्हणू?"

"कुठलीच नको. तू आपली भांडी घास. तो आवाज येऊ दे."